आगीच्या थराचा रंग

४ फेब्रुवारी

दादा,

घाबरू नकोस, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी बहिणीचं पत्र आलं की माणूस आधी तेच धरून चालतो, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकलं. आप्पा बरे आहेत. माझ्याकडेच आहेत. त्याबद्दल पुढे कधीतरी.

हे पत्र कामाचं आहे. पत्ता वहिनीकडून मिळवला. तिला बोलू नकोस, मी तिला इतकं पिडलं की तिने सुटका करून घेण्यासाठी दिला. तू हल्ली कुठल्याशा कारखान्यात रंग जुळवायचं काम करतोस हेही तिच्याकडूनच कळलं. फोनच करणार होते, पण तू फोनवर नुसतं 'हं' म्हणतोस आणि 'हं'शी भांडता येत नाही.

माझा धंदा तुला माहीत आहे. मिक्सरपासून इस्त्रीपर्यंत सगळ्यांच्या खोक्यात जे घडी घातलेलं माहितीपत्रक असतं, ते मी लिहिते. 'साफ करण्यापूर्वी प्लग काढावा' हे वाक्य माझं. आता किल्ला समितीने वरच्या सगळ्या पाट्या नव्याने लिहायचं काम मला दिलंय. अध्यक्ष म्हणाले, "ताई, तुमचं लिखाण कधी कोणाला खटकत नाही." म्हणजे कोणी वाचत नाही, हे मला कळलं, पण काम घेतलं.

दरवाजा, तट, टाकं, तबेला, सगळ्यांच्या पाट्या झाल्या. अडले आहे ती 'आगीचा थर' या पाटीवर. तुला सांगायची गरज नाही, पण मला स्वतःला नीट समजावं म्हणून सांगते. किल्ल्याला वेढा पडला. किल्लेदार मेला. त्याच्या बायकोने शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून मोठ्या बुरुजाच्या तळघराला स्वतःच्या हाताने आग लावली आणि किल्ला पडला. ही गोष्ट पूर्वी नुसती गोष्ट होती. आप्पांनी बुरुजाखाली चर खणला, त्यात भाजलेल्या लाल मातीचा जाड पट्टा सापडला आणि गोष्टीचा इतिहास झाला. तेव्हापासून पायथ्याचं हे सबंध गाव त्या आगीवर शेकतंय. चौकात बाईंचा पुतळा आहे, हातात मशाल, मशालीत बल्ब. अध्यक्षांच्या लॉजचं नाव 'ज्वाला'. अग्निशमन दलाच्या गाडीवरसुद्धा बाईंचं चित्र काढलंय. आग विझवायच्या गाडीवर आग लावणारी बाई. कोणाला काही वाटत नाही.

तर समितीने आप्पांचा तो बुजवलेला चर पुन्हा उघडला आहे. एक बाजू सरळ तासून समोर काच बसवली, म्हणजे येणाऱ्यांना थर जागच्या जागी बघता येतील. मी आप्पांचा अहवाल हातात घेऊन काचेसमोर उभी राहिले. अहवालात लिहिलंय, 'लालसर, भाजलेल्या मातीचा जाड थर, मधूनमधून कोळसा.' आणि समोर वर पिवळी माती, मग दगडांचा चुरा आणि त्याखाली, दादा, हिरवा पट्टा. कोळसा आहे, पण माती हिरवी. डब्यात विसरलेल्या पावावर येतो तसला हिरवा.

चष्मा पुसला. पुन्हा हिरवाच. अध्यक्षांना बोलावलं.

"तुम्हाला हा लाल दिसतो?"

"सरांनी लिहिलंय ना लाल?"

"लिहिलंय. दिसतो का, ते विचारतेय."

"ताई, इतिहास असा नुसता बघून दिसत नसतो."

म्हणून तुला विचारते. जमिनीखाली इतकी वर्षं राहून मातीचा रंग बदलतो का? फोटो पिवळा पडतो तसा? अहवालातले फोटो सगळे कृष्णधवल आहेत, त्यांची काही मदत नाही. तू त्या चरात होतास, तूच सांगू शकशील. हो की नाही, एवढंच कळव. 'हं' चालणार नाही.

धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. मीही उत्तराची वाट बघत नव्हते, फक्त रोज पेटी उघडून बघत होते.

इकडे काचेसमोर दिवे बसवायला माणूस आला. गुणी माणूस आहे. त्याने थराकडे एकदा बघितलं, अहवालाकडे बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, माती लाल आहे ना? मग लाल दिवा टाकतो. उठून दिसेल." टाकला. खरंच लाल दिसायला लागली. वरची पिवळी पण लाल, दगड लाल, अध्यक्ष लाल. अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "बाई इथेच उभ्या होत्या असं वाटतं." मी हो म्हटलं. मी स्वतःसुद्धा लाल होते, अशा वेळी वाद घालणं बरं दिसत नाही.

मला कळत नाही ते हे. तिथे येणाऱ्या प्रत्येकाला डोळे आहेत. झाडूवालीला, दिवेवाल्याला, काच बसवणाऱ्याला. प्रत्येकजण त्या पट्ट्याकडे बघून एक क्षण थांबतो, मग अहवालाचं नाव घेतो आणि पुढे जातो. मी एकटीच वेडी, की आम्ही सगळे मिळून?

शेवटी आप्पांना विचारलं. त्याआधी, 'पुढे कधीतरी' म्हणून जे टाळलं होतं ते थोडंसं सांगते. आई गेल्यावर ते एकटे राहत होते ना, तेव्हा त्यांनी गोळ्यांचा घोळ केला. एक गुलाबी गोळी असते रक्तदाबाची, एक करडी-हिरवी, पोटाची. रक्तदाबाची दोन-दोनदा घेत राहिले आणि जिन्यात चक्कर येऊन बसले. हाड वगैरे काही मोडलं नाही. पण मी त्यांना घरी आणलं. ते म्हणतात, पाहुणा म्हणून आलोय.

आणि आता जे कोणालाच सांगितलेलं नाही ते. मला वाटतं, त्यांचं डोकं सुटत चाललंय. आई असताना कसे टापटीप असायचे, आठवतं? आता एक मोजा तपकिरी, एक हिरवा. कच्चा टोमॅटो पिकलेला म्हणून उचलून आणतात. सकाळी शर्ट हातात घेऊन विचारतात, "हा कोणत्या रंगाचा गं?" मी म्हणते, "तुमच्या रागाचा." ते गंभीरपणे विचारतात, "म्हणजे नेमका?" पण त्याच माणसाला त्या किल्ल्याची प्रत्येक भिंत, प्रत्येक पायरीचा चुना, कुठल्या कोपऱ्यात कुठलं खापर मिळालं, सगळं पाठ. हे कसलं विसरणं, जे मोजे विसरतं आणि तट लक्षात ठेवतं?

तर विचारलं, "आप्पा, आगीचा थर लाल आहे का?"

"अहवाल वाच."

"वाचला."

"मग परत वाच." आणि टीव्हीचा आवाज वाढवला. बातम्या चालू होत्या. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "तुला कसा दिसला?"

"बुरशी आलेल्या पावासारखा," मी म्हटलं. मला वाटलं हसतील, निदान चिडतील. त्यांनी टीव्ही बंद केला आणि बंद टीव्हीकडे बघत बसले.

दादा, पाटीचं राहू दे. वडिलांचं काय करायचं ते कळव.

धाकटी


२ मार्च

दादा,

तू मला सांगितलं का नाहीस?

आधी सगळं क्रमाने लिहिणार होते, पण हात ऐकत नाही. तुला माहीत होतं. आईला माहीत होतं. घरात तीन माणसांना माहीत होतं आणि चौथी बाहेर बसून दात घासायच्या ब्रशाने खापरं धूत होती.

मी आप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. म्हटलं, डोक्याचं नंतर, आधी मोतीबिंदू तरी बघू. डॉक्टर बाई तरुण आहे, शाळेच्या सहलीत किल्ला बघितलेली. "सर, तुमच्यामुळे मला इतिहास आवडायला लागला," वगैरे. आप्पा खूश. मग तिने ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक काढलं, ज्याच्या पानापानात ठिपक्यांचेच आकडे लपवलेले असतात. 

"काय दिसतं, सर?"

"ठिपके."

"आकडा?"

"आकडा नाही यात."

दुसरं पान. "हेही कोरं." तिसरं. "तुमच्या छापखान्याने फसवलंय तुम्हाला." मी त्यांच्या खुर्चीमागे उभी होते. मला तिथून प्रत्येक पानावर आकडा दिसत होता, हा एवढा, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखा.

डॉक्टर बाईने पुस्तक मिटलं. म्हणाली, मोतीबिंदू आहे, तो काढू, पण हे निराळं आहे, हे जन्मापासूनचं. लाल आणि हिरवा यांना एकसारखेच दिसत असणार. "सर, आयुष्यात कधी त्रास नाही झाला याचा?"

आप्पा म्हणाले, "कसला त्रास? मी माती बघतो. साड्या विकत नाही."

टॅक्सीत बसलो. ते उजव्या खिडकीतून बाहेर बघत होते, मी डाव्या. आणि मला एकेक दिसायला लागलं. आईने कपाटात आप्पांच्या कपड्यांचे दोन कप्पे केले होते आणि वरच्यातला शर्ट खालच्यातल्या पँटवर कधी चालायचा नाही. मी तिला हसायचे. गोळ्या ती हातावर ठेवायची. आणि तू. खणायची करणी हातात धरता यायला लागली तेव्हापासून तू चरात. आप्पा माती खरवडायचे, पाण्याचा फवारा मारायचे आणि आवाज द्यायचे, "काय रंग?" तू म्हणायचास, "तांबूस. खाली पिवळट. कडेला राख." मला वाटायचं, ते तुला शिकवताहेत. सगळ्यांनाच वाटायचं, परीक्षा घेताहेत पोराची. मी काठावर बसून जळायचे. मला एकदाही विचारलं नाही, काय रंग.

परीक्षा नव्हती ती. त्यांना खरंच माहीत नसायचं.

आणि मग तो दिवस. बाहेरून मोठमोठे विद्वान आले होते, चराच्या काठावर ओळीने उभे. मी चहाचा ट्रे घेऊन येत होते. आप्पा खालून म्हणाले, "ही बघा भाजलेली लाल माती. हीच ती आग." खरंतर आधी तुला विचारायला हवं होतं त्यांनी, पण पाहुण्यांसमोर कसं विचारणार? तू खाली वाकलास आणि म्हणालास, "आप्पा, ही हिरवी आहे. हे शौचकूप आहे." पाहुण्यांत कोणीतरी हसलं. आप्पा म्हणाले, "तुला काय कळतं?" आणि तू म्हणालास, "तुम्हाला दिसत नाही."

बस. तेवढंच. मी ते जसं ऐकलं तसंच सगळ्यांनी ऐकलं: पोरगा बापाला चारचौघांत आंधळा म्हणतोय, गर्वाने आंधळा. आप्पा म्हणाले, "वर ये आणि चालू लाग." तू करणी काठावर ठेवलीस आणि किल्ला उतरलास. नातेवाईक म्हणाले, शेफारलं पोरगं. आई काही बोलली नाही. मला वाटलं, दुःखाने. आता वाटतं, तिला उत्तर माहीत होतं आणि ते द्यायची सोय नव्हती.

एका वाक्याने तू सुटला असतास. 'आप्पांना रंग कळत नाहीत.' मला म्हणायचं होतंस, मी गावभर केलं असतं. घराबाहेर काढलेल्या माणसाने काढणाऱ्याचं गुपित इतकी वर्षं सांभाळायचं, हा मोठेपणा म्हणायचा की हट्ट? मला ठरवता येत नाही. आपल्या घरात दोन्ही एकाच कप्प्यात ठेवलेले असतात.

म्हणजे ते शौचकूपच आहे ना? म्हणजे चौकातली ती बाई, मशाल उंच धरून, इतकी वर्षं संडासाकडे निघाली आहे?

उद्घाटन पुढच्या महिन्यात. अध्यक्ष रोज फोन करतात, "ताई, आगीची पाटी?" काय लिहू? लाल लिहिलं तर तू खोटा. हिरवा लिहिलं तर आप्पांचा सगळा जन्म काचेत बसतो आणि लोक तिकीट काढून बघतात. प्लग काढावा की घालावा, हे मला पहिल्यांदाच कळत नाहीये.

धाकटी


१४ मार्च

दादा,

सोबतचं पार्सल आधी उघडू नकोस, हे वाच. उघडलं असशील तर हात धू.

आप्पा म्हणाले, "मला वर घेऊन चल." डॉक्टरने चढायला मनाई केलेली नाही, कारण तिला विचारलंच नाही. दमत, बसत, वाटेत भेटेल त्याला तटाचं बांधकाम कसं चुकीचं दुरुस्त केलंय ते ऐकवत वर पोचले. चरापाशी कोणी नव्हतं. मी लाल दिवा बंद केला, काच सरकवली. त्यांनी थरातून चिमूटभर माती काढली, बोटांत चोळली, नाकाशी नेली. इतक्या शतकांनी वास कसला येणार, पण नेली. मग तळहात माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "काय रंग?"

तोच आवाज, दादा. चरातला. मला आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, आणि मला एकही विनोद सुचला नाही.

"हिरवा, आप्पा."

"पक्का?"

"पक्का."

ते दगडावर बसले. मला वाटलं, आता काही होतंय की काय. पण ते म्हणाले, "मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"काय?"

"त्याचं बरोबर आहे हे. रंगात त्याची कधी चूक झाली नव्हती."

"मग लिहिलं का नाही?"

"काय लिहू? थर हिरवा, मुलगा सांगतो म्हणून?"

"हो!"

"अगं, मग लोकांनी विचारलं नसतं, सर, तुम्ही स्वतः नाही बघितलंत? आणि याच्या आधीचे थर कोणी बघितले? तबेल्याचे, टाक्याचे, दरवाज्याचे? सगळे त्याच्याच डोळ्यांनी बघितलेले. एक थर सुटला असता तर अख्खा किल्ला सुटला असता." मग, "आणि कोळसा होता ना मध्ये."

"हो, कोळशाचं काय?"

"वास घालवायला टाकत असत. चुलीतली राख, कोळसा. तेही त्यानेच सांगितलं असतं. मी त्याला बोलू दिलं असतं तर."

मी विचारलं, मग आग? म्हणाले, आग नाही. वेढ्याचासुद्धा पत्ता नाही कुठे, एक बाण नाही, एक गोळा नाही. टाकं मात्र गळकं झालेलं. "शेवटची माणसं पाण्याला कंटाळून हळूहळू खाली उतरली असणार. आधी एक घर, मग दुसरं. कोणी जाळलं नाही, कोणी पाडलं नाही. त्यांचीच आपण पोरंबाळं, इथे खाली राहतोय."

म्हणजे किल्ला पडलाच नाही. माणसं फक्त निघून गेली आणि मागे राहिलेल्यांनी कारण म्हणून एक आग लावून घेतली. हे ऐकून मला का रडू आलं ते कळलं नाही. बुरुजासाठी मी यापूर्वी कधी रडलेले नाही.

मग त्यांनी खिशातून गोळ्यांची रिकामी बाटली काढली. घरातूनच घेऊन निघाले होते, मला न सांगता. तीत ती माती भरली, झाकण घट्ट केलं आणि माझ्या हातात दिली.

"त्याला पाठव. विचार, काय रंग आहे."

"आणखी काय लिहू?"

"आणखी कशाला?"

"म्हणजे, चुकलं वगैरे..."

"रंग विचार म्हटलं ना."

टपाल कचेरीत खिडकीतल्या माणसाने विचारलं, आत काय? म्हटलं, माती. कसली? मी खोटं बोलत नाही. म्हटलं, मध्ययुगीन संडासातली. त्याने वर न बघता विचारलं, "नाशवंत?" म्हटलं, "नाही हो, तेच तर."

रुसलेल्या मुलाला बापाने पाठवायच्या भेटींमध्ये ही पहिलीच असावी. आप्पांना दुसरं काही येत नाही, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पाटी कोरी ठेवली आहे. अध्यक्षांना सांगितलं, सर विचार करताहेत. ते म्हणाले, "पण ताई, पत्रिका छापून झाल्यात." जणू पत्रिका छापली की आग लागायलाच हवी.

काय रंग आहे, दादा?

धाकटी


९ एप्रिल

दादा,

तुझं पाकीट उद्घाटनाच्या दिवशीच सकाळी आलं. मी ते उभ्याउभ्या फाडलं, उलटं करून झटकलं, आत हात घालून बघितलं. रंग जुळवायला कारखान्यात ठेवतात तसली नमुन्याची पट्टी, बस. हिरवी. मागे कोरी. सही नाही, 'हं' सुद्धा नाही. आपण सगळे एकाच खाणीतले दगड आहोत.

आप्पांना दिली. त्यांनी हातात घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवली. मोजे मी जुळवून दिले होते.

वर भरपूर गर्दी. त्या दिवशीच्या विद्वानांपैकी एकजण आलेले, काठी घेऊन. अध्यक्षांनी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. लोक 'अहाहा' म्हणाले. आप्पा पुढे झाले, पट्टी काढली, काचेवर धरली. लाल उजेडात तीही लालच दिसत होती.

"दिवा बंद करा."

अध्यक्ष हळूच म्हणाले, "सर, पाहुणे आलेत."

"म्हणूनच."

दिवेवाल्याने अध्यक्षांकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि बंद केला. वरून साधा दिवसाचा उजेड आला. आप्पांनी काच सरकवली, पट्टी थराला टेकवली आणि मला मोठ्याने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जुळतो?"

"जुळतो."

मग ते वळले. भाषण लिहून नेलं होतं, ते खिशातच राहिलं. म्हणाले, "मला लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत. जन्मापासून. हा थर हिरवा आहे, असं माझ्या मुलाने सांगितलं. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगितलंय. इथे आग लागलेली नाही. हे बुरुजाचं शौचकूप आहे."

मग मागून एक बाई म्हणाली, "अगं बाई, मग त्या किल्लेदारीणबाई?"

"म्हाताऱ्या होऊन गेल्या असतील," आप्पा म्हणाले. "सुखाने. या थरात द्राक्षांच्या बिया आहेत, माशांचे काटे आहेत. इथली माणसं चांगलंचुंगलं खात होती."

ते काठीवाले विद्वान पुढे आले. मला माहीत होतं ते काय विचारणार. आप्पांनाही माहीत होतं. त्याच प्रश्नाला घाबरून त्यांनी इतकी वर्षं आग पेटती ठेवली होती. "सर, मग बाकीच्या थरांचं काय? तेही तुम्हीच..."

"ते मी नाही, त्यानेच बघितलेत," आप्पा म्हणाले. "म्हणून तर बरोबर आहेत."

पुढे काय झालं ते मला अजून नीट लागत नाही. मला वाटलं होतं लोक हसतील, किंवा दगड मारतील. एकदोघे निघून गेले, रागाने. विद्वानांनी काही लिहून घेतलं, चांगलं की वाईट कोण जाणे. पण बाकीची गर्दी, जी आगीला लांबून नमस्कार करत होती, ती काचेला नाक लावून बिया शोधायला लागली. अध्यक्ष खुर्चीत बसून विचारत होते, "पण ताई, लॉजचं नाव?" मी म्हटलं, राहू द्या. पुतळ्याचं काय करायचं हा प्रश्न समितीपुढे आहे, म्हणजे पुतळ्याला धोका नाही.

आप्पा हरले की जिंकले, मला सांगता येत नाही. घरी येताना ते गाडीत झोपले, तोंड उघडं टाकून. मी पाटी मात्र लिहिली. माझ्या नेहमीच्या पद्धतीने, माहितीपत्रकासारखी: 'हा थर हिरवा आहे. येथे आग लागली नव्हती. येथे माणसे राहत होती.' पुढे जागा बरीच उरली. उरू दे.

आज सकाळी आप्पा खिडकीत बसले होते. एका हातात तुझी पट्टी, दुसऱ्या हातात त्या मातीचा खडा. वरून येताना रुमालात बांधून आणला होता, समितीची परवानगी न घेता. बराच वेळ एकदा हे, एकदा ते. मग मला हाक मारली.

"त्याला कळव, पट्टी थोडी गडद झालीय."

मी म्हटलं, "आप्पा, तुम्हाला कसं कळलं?"

"कळव म्हटलं ना. म्हणावं, येऊन परत जुळव."

मी पट्टी आणि खडा उजेडात नेऊन बघितले. मला तरी दोन्ही सारखेच दिसले. पण मी कोण सांगणार? कळवते आहे.

धाकटी